सर्गेई लेमेशेव्ह : एका आवाजाचा अभ्यास
(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मागच्या भिंतीला लागून एक काचेचे कपाट आहे. त्यात जुन्या ध्वनिमुद्रिका ठेवलेल्या आहेत. त्या सहसा कुणी मागत नाही. गेल्या पावसाळ्यात वाळवीच्या भीतीने ते कपाट रिकामे केले गेले आणि ‘कमवा व शिका’ योजनेत काम करणारी म्हणून तबकड्या पुसण्याचे काम माझ्याकडे आले. त्यांत रशियातील ‘मेलोदिया’ कंपनीची एक तबकडी होती. वेष्टनाच्या पाठीमागे गायकाची चार ओळींची माहिती छापलेली होती. त्यात एक वाक्य असे होते की, हा गायक लहानपणी जोडे शिवण्याचे काम शिकत होता. मी हातातले फडके तसेच धरून ते वाक्य पुन्हा एकदा वाचले. माझे वडील आठवडे बाजारात चपला शिवतात.

त्या गायकाचे नाव सर्गेई लेमेशेव्ह. सोव्हिएत रशियातील अतिशय लोकप्रिय अशा टेनर गायकांपैकी तो एक. त्याच्याविषयी मिळेल ते वाचून आणि ती तबकडी अनेकदा ऐकून हा लेख लिहिला आहे. मी संगीताची विद्यार्थिनी नाही आणि मला रशियन भाषाही येत नाही. तेव्हा जाणकारांनी हा अधिकारी व्यक्तीचा लेख न मानता एका जिज्ञासू विद्यार्थिनीची टिपणे मानावीत, ही विनंती.

टेनर म्हणजे काय?

आपल्याकडील संगीत नाटकात गद्य संवाद असतात आणि मधूनमधून पदे येतात. ऑपेरात बहुधा संवादसुद्धा गायलेच जातात. दुसरा मोठा फरक असा की, आपला गायक रंगात आला की पद फुलवतो, तान घेतो. रसिकांनी ‘वन्स मोअर’ दिला की तेच पद वेगळ्या अंगाने गातो. ऑपेरात संगीतकाराने प्रत्येक स्वर कागदावर लिहून ठेवलेला असतो. गायकाला त्या बाहेर फारसे जाता येत नाही. मग गायकाचे स्वतःचे असे काय उरते? आवाजाचा रंग, श्वास, शब्दांचा उच्चार, आणि एखादा स्वर किती हळुवार अथवा किती जोरकस लावायचा याचा विवेक. एवढ्याशा जागेत त्याला आपले सारे म्हणणे मांडावे लागते.

पुरुषांच्या नेहमीच्या आवाजांमध्ये टेनर हा सर्वांत उंच पट्टीचा आवाज. पेटीच्या भाषेत सांगायचे तर खालच्या पांढरी एकपासून दोन सप्तके वरच्या पांढरी एकपर्यंत त्याची धाव असते. म्हणजे सेकंदाला सुमारे १३१ कंपनांपासून ५२३ कंपनांपर्यंत. टेनरांतही प्रकार आहेत. युद्धवीरांच्या भूमिका करणारा तो भारदस्त आवाजाचा टेनर, आणि प्रेमिक, कवी, तरुण राजपुत्र यांच्या भूमिका करणारा तो हलक्या, भावगेय आवाजाचा टेनर. लेमेशेव्ह हा दुसऱ्या प्रकारचा.

येथे एक प्रश्न साहजिकच मनात येतो. ऑपेराच्या गायकापुढे ध्वनिक्षेपक नसतो. समोर साठ-सत्तर वादकांचा वाद्यवृंद आणि पलीकडे दोन हजारांच्या आसपास प्रेक्षक. मग असा नाजूक आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो कसा? स्वीडनचे संशोधक योहान सुंडबर्ग यांनी १९७०च्या दशकात याचा उलगडा केला. वाद्यवृंदाच्या ध्वनीचा जोर सेकंदाला ५०० कंपनांच्या आसपास सर्वांत जास्त असतो आणि त्यावर तो कमी कमी होत जातो. शिकलेला पुरुष गायक घशाची आणि स्वरयंत्राची ठेवण अशी साधतो, की त्याच्या आवाजात ३००० कंपनांच्या आसपास एक वेगळी धार उत्पन्न होते. तेथे वाद्यवृंद दुबळा असतो, म्हणून तो आवाज वाट काढून जातो. थोडक्यात, तो वाद्यांपेक्षा मोठ्याने गात नाही. वाद्यांनी मोकळ्या सोडलेल्या जागेतून गातो. मला हे वाचून फार नवल वाटले. ओरडल्याशिवाय आपले कुणी ऐकत नाही, असाच माझा तोवरचा समज होता.

ट्वेरच्या खेड्यातील मुलगा

सर्गेई याकोव्लेविच लेमेशेव्ह याचा जन्म १० जुलै १९०२ रोजी रशियातील ट्वेर प्रांतात, स्तारोये क्न्याझेवो या खेड्यात एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. घरात गाणे होते, पण ते शेताभाताचे आणि सणावाराचे. आईचा गळा चांगला होता. सर्गेई लहान असतानाच वडील वारले. पुढे चुलत्याबरोबर तो पीटर्सबर्गला गेला आणि जोडे शिवण्याचे काम शिकू लागला. १९१७च्या क्रांतीच्या धामधुमीत तो गावी परतला.

त्याच्या गावाजवळच्या एका जुन्या वाड्यात क्वाश्निन नावाचे वास्तुविशारद राहत होते. त्यांनी खेड्यातील मुलांसाठी हस्तव्यवसायाची शाळा काढली होती. त्यांच्या पत्नीला गायन येत असे. त्यांनी या मुलाचा आवाज ऐकला, त्याला स्वरलेखन वाचायला शिकवले आणि ऑपेरातील गीतांची ओळख करून दिली. ज्या भूमिकेने तो पुढे जगप्रसिद्ध झाला त्या लेन्स्कीचे गीत त्याने प्रथम याच घरात शिकले, असे सांगतात.

१९१९ सालच्या हिवाळ्यात तो पायी ट्वेर शहराला गेला आणि तेथील कामगारांच्या क्लबात गायला. नंतर तो लाल सेनेच्या घोडदळाच्या शाळेत भरती झाला. आवाज ऐकून त्याच शाळेने त्याला मॉस्कोच्या संगीत विद्यालयात पाठवले. १९२१ साली तो तेथे दाखल झाला. नझारी राय्स्की हे त्याचे गुरू. अंगावर सैनिकाचा डगला, पाठीशी खेड्यातील शिक्षण, आणि आजूबाजूला लहानपणापासून पियानो वाजवणारी शहरी मुले! त्या पहिल्या वर्षाची मला सहज कल्पना करता येते.

१९२४ साली तो थोर नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लाव्स्की यांच्या ऑपेरा स्टुडिओत गेला. त्या काळी ऑपेराचे गायक पुढे येऊन, हात पसरून, प्रेक्षकांकडे तोंड करून गात. स्तानिस्लाव्स्की म्हणत, गायकाने आधी स्वतःला विचारावे की हे पात्र आत्ता का गात आहे, कुणाशी बोलत आहे, त्याला काय हवे आहे. शब्दाचा अर्थ उमगला की स्वर आपोआप योग्य ठिकाणी लागतो. लेमेशेव्हच्या पुढील साऱ्या गायनावर या शिकवणीचा ठसा आहे. भाषा न कळताही त्याच्या तबकडीतला शब्द न् शब्द वेगळा ऐकू येतो, याचे कारण हेच असावे.

पुढची काही वर्षे उमेदवारीची. १९२६ साली स्वेर्द्लोव्स्क, मग मांचुरियातील हार्बिन, त्यानंतर तिबिलिसी अशा ठिकाणच्या ऑपेरांत त्याने लहानमोठ्या भूमिका केल्या आणि १९३१ साली तो मॉस्कोच्या बोल्शोय थिएटरमध्ये आला. तेथे पुढे सुमारे पाव शतक तो गायला. पहिल्याच वर्षी त्याने रिम्स्की-कोर्साकोव्ह यांच्या ‘स्नेगुरोच्का’ या ऑपेरात वृद्ध राजा बेरेंदेय साकार केला. तेव्हा त्याचे वय होते एकोणतीस.

लेन्स्की

लेमेशेव्ह म्हटले की लेन्स्की, असे समीकरणच झाले आहे. पुश्किनच्या ‘येव्गेनी ओनेगिन’ या पद्यकादंबरीवर चायकोव्स्कीने याच नावाचा ऑपेरा रचला. लेन्स्की हा त्यातला तरुण कवी. ओनेगिन हा त्याचा मित्र. एका समारंभात ओनेगिन केवळ चेष्टेखातर लेन्स्कीच्या वाग्दत्त वधूबरोबर नाचत राहतो. लेन्स्की संतापून त्याला द्वंद्वाचे आव्हान देतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मित्राच्याच गोळीने मरतो.

या ऑपेराविषयी एक गोष्ट आपणां विद्यार्थ्यांना विशेष वाटेल. त्याचा पहिला प्रयोग १८७९ साली मॉस्कोच्या संगीत विद्यालयातील विद्यार्थ्यांनी केला, आणि तो चायकोव्स्कीच्याच इच्छेने. मोठ्या रंगभूमीवरचे ठरीव हावभाव त्याला नको होते. त्याला तरुण, साधी, मनापासून गाणारी माणसे हवी होती.

द्वंद्वापूर्वीचे लेन्स्कीचे गीत हा सर्व टेनरांच्या कसोटीचा भाग. हिवाळ्यातील पहाट आहे. पाणचक्कीजवळ लेन्स्की ओनेगिनची वाट पाहत उभा आहे. ओनेगिनला उशीर झाला आहे. आधी चेलो वाद्यांवर एक उदास सुरावट येते आणि मग गायक प्रवेश करतो. आपले तारुण्य कोठे गेले, उद्याचा दिवस काय आणील, आपल्या मागे प्रेयसी आपल्या समाधीवर येईल काय, असा त्या गीताचा आशय आहे. मूळ कादंबरीत पुश्किनने लेन्स्कीच्या या काव्याची थोडी थट्टाच केली आहे. ते धूसर आणि मिळमिळीत असल्याचे तो सुचवतो. चायकोव्स्कीने मात्र ती थट्टा काढून टाकली आणि त्या मुलाचे म्हणणे खरे मानले. पुश्किनच्या कादंबरीत लेन्स्कीला अठरावे पुरते सरलेले नाही. म्हणजे तो माझ्याहून लहान! या वयात माणूस स्वतःविषयी जे लिहितो ते वाचणाऱ्याला हसू आणणारे असेलही, पण लिहिणाऱ्याला ते खरेच वाटत असते.

लेमेशेव्ह हे गीत कसे गातो? माझ्या कानांना जाणवलेल्या तीन गोष्टी नमूद करते. पहिली, तो रडत नाही. दुःखाच्या जागी आवाज मोठा करण्याऐवजी तो लहान करतो. दुसरी, पहिली ओळ पुन्हा येते तेव्हा ती पहिल्यासारखी राहत नाही. प्रथम त्यात प्रश्न असतो, दुसऱ्यांदा उत्तर कळून चुकल्यासारखे वाटते. तिसरी, वरच्या स्वरांवर तो चढून जात नाही, तो तेथे अलगद टेकतो. आवाजात जोर करावा लागल्याची खूण कोठेही नाही.

या गीतानंतर ओनेगिन येतो आणि दोघे मित्र एकमेकांकडे पाठ करून गातात. चायकोव्स्कीची येथील योजना अजोड आहे. एकाने गायलेली सुरावट लगेच दुसरा उचलतो. दोघांचे शब्द तेच, सूर तेच, दोघांनाही मनातून समेट हवा आहे. पण एक दुसऱ्याच्या मागे पडतो आणि ते एकत्र येत नाहीत. शेवटी दोघेही ‘नाही’ म्हणतात.

लेमेशेव्हने ही भूमिका पाचशेहून अधिक वेळा केली. १९७२ साली सत्तरीच्या निमित्ताने तो पुन्हा बोल्शोयच्या रंगमंचावर लेन्स्की म्हणून उभा राहिला. सत्तर वर्षांचा अठरा वर्षांचा कवी!

दोन गायक, दोन पक्ष

लेमेशेव्हच्या आधी लेन्स्कीचा आदर्श होता लिओनिद सोबिनोव्ह (१८७२ ते १९३४). हा वकिलीचे शिक्षण घेतलेला, सुसंस्कृत घरचा गायक. लेमेशेव्हच्या काळात त्याचा तुल्यबळ प्रतिस्पर्धी होता इव्हान कोझलोव्स्की (१९०० ते १९९३). तोही खेड्यातलाच, कीव्हजवळच्या मार्यानोव्का गावचा. दोघेही एकाच थिएटरात त्याच भूमिका करीत. मॉस्कोत त्यांच्या चाहत्या तरुणींचे दोन पक्ष पडले होते. एक ‘लेमेशिस्त्की’ आणि दुसरा कोझलोव्स्कीचा. लेमेशेव्हच्या घराजवळ पनीरासारख्या ‘चीझ’ पदार्थाचे दुकान होते. थंडीत त्याची वाट पाहणाऱ्या मुली त्या दुकानात उबेला उभ्या राहत, अशी आख्यायिका आहे. जाणकार सांगतात की, कोझलोव्स्कीचा आवाज अधिक लवचीक आणि अभिनय अधिक विलक्षण. ‘बोरिस गोदुनोव्ह’मधला त्याचा भाबडा वेडा भिक्षेकरी अविस्मरणीय मानला जातो. लेमेशेव्हचे बळ साधेपणात होते. तो आपल्यातलाच कुणी गातो आहे असे वाटे.

१९४० साली आलेल्या ‘म्युझिकल स्टोरी’ या अर्थाच्या नावाच्या रशियन चित्रपटात त्याने पेत्या गोवोर्कोव्ह या टॅक्सीचालकाची भूमिका केली. हा टॅक्सीचालक हौशी मंडळात गातो आणि शेवटी ऑपेराचा गायक होतो. या चित्रपटाने लेमेशेव्ह घराघरांत पोहोचला आणि १९४१ साली त्याला स्तालिन पारितोषिक मिळाले. परंतु येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. या चित्रपटाची नायिका झोया फ्योदोरोवा हिला १९४६ साली अटक झाली आणि पुढे १९५५ पर्यंत तिने बंदिवास भोगला. जोडे शिवणाऱ्या मुलाला संगीत विद्यालयात पाठवणारी राजवट आणि एका नटीची उमेदीची वर्षे हिरावून घेणारी राजवट एकच होती. यातले एक सांगून दुसरे लपवणे मला योग्य वाटत नाही.

एका फुप्फुसावर

महायुद्धाच्या काळात लेमेशेव्हला न्युमोनिया झाला, त्यातून क्षयाने गाठले. क्षयावरील प्रभावी औषधे तेव्हा उपलब्ध नव्हती. फुप्फुसाच्या आवरणात हवा सोडून ते फुप्फुस मिटवायचे, म्हणजे त्याला विश्रांती मिळते, असा उपचार त्या काळी करीत. लेमेशेव्हवर हाच उपचार झाला. १९४२ ते १९४८ या काळात तो एका फुप्फुसावर गात होता. डॉक्टरांनी गाण्यास मनाई केली असतानाही तो गायला आणि या काळात त्याची संपूर्ण ऑपेरांची ध्वनिमुद्रणेही झाली.

गायकाचा श्वास म्हणजे त्याचे भांडवल. जे वाक्य दुसरा गायक निवांत एका दमात म्हणतो, ते अर्ध्या भांडवलात कसे पुरवायचे? मला वाटते, येथे त्याच्या हलक्या आवाजाने त्याला तारले. जो जोरावर गातो त्याचा जोर संपला की गाणे संपते. जो मोजून खर्च करतो त्याचे थोड्यातही भागते. हे शहाणपण गरिबांच्या घरात फार लवकर येते.

लाक्मेची कथा

लेमेशेव्हच्या बोल्शोयमधील सुरुवातीच्या भूमिकांपैकी एक आपल्या देशाशी जोडलेली आहे. फ्रेंच संगीतकार देलीब याचा ‘लाक्मे’ हा ऑपेरा १८८३ साली पॅरिसमध्ये प्रथम झाला. त्याची कथा इंग्रजी अमलातील हिंदुस्थानात घडते. लाक्मे ही नीलकंठ नावाच्या ब्राह्मण पुजाऱ्याची मुलगी. जेराल्ड या इंग्रज अधिकाऱ्यावर तिचे प्रेम जडते आणि अखेर ती धोतऱ्याचे विषारी पान खाऊन प्राण सोडते. लेमेशेव्ह जेराल्डची भूमिका करी.

या ऑपेरातील सर्वांत गाजलेले गीत टेनरचे नसून लाक्मेचे आहे. नीलकंठ तिला भर बाजारात गायला लावतो आणि ती एक दंतकथा गाते. एका अस्पृश्य मुलीची ती कथा आहे. रानात एका अनोळखी वाटसरूवर श्वापदे चालून येतात. ती मुलगी हातातल्या घंटा वाजवून त्याला वाचवते. तो वाटसरू म्हणजे प्रत्यक्ष विष्णू असतो आणि तो तिला स्वर्गात घेऊन जातो. हे गीत ऐकल्यावर मी बराच वेळ गप्प बसले होते. पॅरिसच्या कल्पनेतल्या त्या हिंदुस्थानात आमच्यासारखीची गोष्ट आहे खरी, पण ती स्वतः रंगमंचावर नाही. तिची गोष्ट पुजाऱ्याची मुलगी गाते. आणि तिच्या भल्यासाठी देवालाच यावे लागते, तेही तिला या जगातून उचलून नेण्यासाठी. तिला याच जगात, याच बाजारात गाऊ द्यावे, असे कुणाला सुचले नाही.

समारोप

१९५० साली लेमेशेव्हला ‘सोव्हिएत संघाचा जनकलावंत’ हा सर्वोच्च किताब मिळाला. चायकोव्स्कीची सुमारे शंभर गीते पाच मैफलींत गाण्याचा त्याचा उपक्रमही गाजला. पुढे त्याने ऑपेरांचे दिग्दर्शन केले, मॉस्कोच्या संगीत विद्यालयात शिकवले आणि आत्मचरित्र लिहिले. जून १९७७ मध्ये मॉस्को येथे त्याचे निधन झाले.

हा लेख मी का लिहिला, हे शेवटी सांगणे भाग आहे. प्रथम वर्षाला असताना मी वक्तृत्व स्पर्धेत भाग घेतला होता. ‘पाणी’ या शब्दाला मी ‘पानी’ म्हणाले आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. त्यानंतर वर्षभर मी वर्गात तोंड उघडले नाही. लेमेशेव्हची माहिती वाचून प्रथम मला वाटले की, गुण असला की माणूस वर येतोच. आता तसे वाटत नाही. गुण त्याच्यापाशी होताच. पण वाड्यातल्या एका बाईने त्याचा आवाज ऐकला, क्लबाने त्याला रंगमंच दिला आणि घोडदळाच्या शाळेने त्याला मॉस्कोला पाठवले. यातले एक जरी घडले नसते तरी तो चांगला जोडे शिवणारा झाला असता, आणि त्यात काही कमीपणा नव्हता. फक्त लेन्स्की ऐकायला मिळाला नसता.

दिवाळीच्या सुट्टीत मी अण्णांना बाजारात त्यांच्या शेजारी बसून मोबाइलवर ते गीत ऐकवले. त्यांनी हातातली आरी खाली ठेवली आणि शेवटपर्यंत ऐकले. मग विचारले, “ह्यो आपल्यावानी काम करत हुता म्हनतीस, तर मग त्याला तिकडं जायाचा कागुद कुनी दिला?”

माझ्या शिष्यवृत्तीच्या दाखल्यासाठी अण्णांचे तीन बाजार बुडाले होते. त्यांनी नेमका प्रश्न विचारला, असे मला वाटले. मी त्यांना जमेल तसे सांगितले. पुढल्या महिन्यात वाङ्मय मंडळात मी हाच निबंध वाचून दाखवला. दोन ठिकाणी ‘ण’चा ‘न’ झाला. मागे कुणीतरी हसले. मी थांबले नाही. आवाज न चढवता पुढे वाचत गेले, आणि मागच्या बाकापर्यंत तो पोहोचला असे नंतर सरांनी सांगितले.